दोन तुटके बोल्ट आणि एक मंगळवार

मित्रांनो, खरं सांगा, तुम्हाला घटकाभर तरी गप्प बसता येतं का? मला येत नाही. मी होडीचं इंजिन आहे. जुना झालोय, टोपणाला पोचा पडलाय, रंगाचे पोपडे निघालेत, पण अजून कुणी दोरी ओढली की माझ्या अंगात येतं. मी होडीच्या पोटात नाही बसत, कडेला बाहेर लटकतो. डोकं वर, पाय समुद्रात. पायाच्या टोकाला पंखा. तो फिरला की होडी पळते. थांबला की मी नुसतं ओझं.

माझा जन्म लांबच्या देशातल्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं काही आठवत नाही. हातमोजे घातलेले हात, सारखा एकच खटखट आवाज, आणि मग खोका. त्या खोक्यात मी किती काळ होतो देव जाणे. काळोख, बाहेर पाण्याचा आवाज, आणि मला पाणी दिसत नाही! तेव्हापासून कुणी मला नुसतं झाकून ठेवलं तरी माझं डोकं फिरतं.

खोका उघडला तेव्हा समोर आंटी एकुआ उभी होती. माझी मालकीण. या किनाऱ्यावर पुरुष समुद्रात जातात, पण होडी आणि इंजिन बऱ्याचदा बायकांचं असतं. आंटी एकुआचा मासे धुरी देऊन टिकवण्याचा धंदा. अंगणात मातीच्या मोठ्या भट्ट्या, डोळे कायम धुराने लाल. तिने मडकं वाजवून बघावं तसं मला वाजवून बघितलं.

"आवाज तर बरा आहे," ती म्हणाली. "पोटात दम आहे का, ते उद्या कळेल."

"अगं, वाजवू नकोस त्याला," शेजारचा उंच माणूस म्हणाला. "लागेल."

तो बोसन एसेल. बोसन म्हणजे आमच्याकडे होडीचा प्रमुख. जाळं कुठं टाकायचं, कधी फिरायचं, सगळं तो ठरवणार. लोक त्याला पापा म्हणायचे. 'लागेल' म्हणाला तो माणूस, इंजिनाला! त्या क्षणी मी त्याचा झालो.

आमची होडी एका अख्ख्या झाडाची, कोरून काढलेली. अंगावर लाल-पिवळे पट्टे, आणि मोठ्या अक्षरांत नाव: 'न्या अबोतार'. म्हणजे 'धीर धर'. मला ते नाव कधीच पटलं नाही. लाट समोर उभी राहिल्यावर धीर काय धरायचा? घुसायचं. आणि मी घुसायचो. उजाडता उजाडता गडी मला खांद्यावरून वाळूवर आणायचे, होडीच्या कडेला स्क्रूने आवळायचे, बोसन दोरीला एक हिसडा द्यायचा, आणि मी असा ओरडायचो की किनाऱ्यावरच्या कोंबड्या उडायच्या. दुपारी परत यायचो तेव्हा बायका घमेली घेऊन गुडघाभर पाण्यात उभ्या असायच्या.

एकदा तर दुसऱ्या एका होडीचं इंजिन भर लाटांत मेलं. तिला मी दोरानं ओढून आणली. दोन होड्या, दोन्ही होड्यांतली माणसं, मासे, आणि एकटा मी. किनाऱ्यावर म्हाताऱ्यांनी माझ्यासमोर वाळूवर दारूचे थेंब सांडले, मान दिला. खोटं कशाला बोलू, मी फुगलो. नंतरचे कितीतरी दिवस मी गरज नसताना मोठ्यानं ओरडत होतो.

आता माझ्या आंघोळीबद्दल सांगतो. ते नीट ऐका, पुढचं सगळं त्यामुळंच झालं.

रोज परत आलो की गडी मला उतरवून वाळूवरच्या लाकडी घोडीवर टांगायचे, आणि बोसन स्वतः भोपळ्याच्या कटोऱ्यानं माझ्यावर समुद्राचं पाणी घालायचा. कटोऱ्यावर कटोरे. मग कमरेचं निळं फडकं सोडून मला पुसायचा, टोपणाखाली, पायाच्या खाचेत, सगळीकडे. "समुद्राचं ते समुद्रानंच धुवायचं," म्हणायचा. त्याच्या बापानं वल्हं असंच धुतलं होतं, जाळं असंच धुतलं होतं. अख्खा किनारा असंच करायचा. गोडं पाणी कुठून आणणार? गल्लीच्या कोपऱ्यावर एक नळ, तो आला तर येतो. बायका-मुली रांगेत उभ्या राहून डोक्यावरून पाणी आणतात, त्यात प्यायचं, रांधायचं, मासे धुवायचे. तान्ह्याला पाणी पुरत नाही आणि इंजिनाला कोण आंघोळ घालणार!

मला ती आंघोळ आवडायची. मलाही काही कळत नव्हतं, मित्रांनो. पाणी वाळायचं आणि मीठ मागे राहायचं. बाहेरचं मीठ फडक्यानं जायचं. आतलं? बोल्टच्या आट्यांत गेलेलं? ते तिथंच राहायचं, दिवसामागून दिवस. माझं अंग ॲल्युमिनियमचं, बोल्ट पोलादाचे. या दोन धातूंच्या मधे मीठ शिरलं की ते एकमेकांना खायला लागतात. बोल्टच्या डोक्याशी पांढरी भुकटी यायची. बोसन ती प्रेमानं पुसून टाकायचा.

आणि मग माशांचा हंगाम आला. हेरिंगचे थवेच्या थवे, पाणी वरून काळं दिसायचं. नेमकं तेव्हा मी दगा दिला.

माझ्या पायात एक रबरी चक्र आहे. ते समुद्राचं पाणी वर ओढतं, डोकं थंड करतं, आणि ते पाणी मागच्या बारीक भोकातून धार होऊन बाहेर पडतं. गडी त्याला इंजिनाची लघवी म्हणतात. हसा, हसा! पण ती धार म्हणजे माझी नाडी. त्या सोमवारी धार बारीक होत होत थेंब थेंब झाली. माझं डोकं तापलं. मी थांबलो. भर थव्यात थांबलो. आजूबाजूच्या होड्या मासे ओढतायत, आणि 'न्या अबोतार'चे गडी वल्ही मारत घरी निघालेत. बाजूनं जाणारा प्रत्येक जण ओरडत होता, "काय पापा, आज व्यायाम का?"

 बोसनचा एक हात माझ्या टोपणावर होता, ताप बघतात तसा.

मला आंटी एकुआच्या अंगणात कडुनिंबाखाली टांगलं आणि फिटर आला. योफी फिटर. मजबूत हात, काळी नखं, आणि डोकं माझ्यापेक्षा गरम. तो येतानाच कुणाशी तरी भांडून आला होता.

"रबर झिजलंय," माझ्याकडे नीट न बघताच त्यानं सांगितलं. "वाळू खाल्लीय यानं. पाय सोडवतो, नवं रबर घालतो, अंधार पडायच्या आत देतो."

पाय सोडवायचा तर माझ्या पोटरीचे बोल्ट काढायला हवेत. पहिले निघाले, कुरकुरत का होईना. पुढचा हलेना. योफीनं पाना लावला, जोर केला, शिवी हासडली. मग पान्याच्या दांडीवर लांब पाइप चढवला आणि त्यावर लोंबकळलाच.

कट!

तो आवाज मी विसरणार नाही. बोल्टचं डोकं वाळूत पडलं आणि बाकीचा माझ्यात.

शहाणा माणूस तिथं थांबला असता. योफी थांबला? छे! त्यानं तोच पाइप दुसऱ्या बोल्टला लावला. पुन्हा कट. पहिल्याचा निदान बोटभर खुंट बाहेर होता, हा तर माझ्या अंगाच्या आतच तुटला, पार सपाट. योफीनं पाना भिंतीवर भिरकावला. भट्टीमागची शेळी पळाली.

"आता?" आंटी एकुआनं दारातूनच विचारलं.

"आता काय! उद्या बघू," योफी म्हणाला, आणि निघूनच गेला.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. आमच्या किनाऱ्यावर मंगळवारी समुद्रात कुणी जात नाही. समुद्राचा तो विश्रांतीचा दिवस. होड्या वाळूवर, माणसं जाळी शिवत बसतात. मंगळवार म्हणजे दुरुस्तीचा वार. तेव्हा मला वाटलं, बरं झालं, एक अख्खा दिवस मिळाला.

पण सकाळीच टेम्पो आला. टाकोराडी शहरातला टांडो उतरला. जुनी इंजिनं घेऊन त्यांचे सुटे भाग विकणारा. पोट पुढे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात केळीच्या पानातली केंकी, म्हणजे मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा, आणि तळलेला मासा. माझ्याभोवती तो खाटकासारखा फिरला.

"डोकं चांगलं आहे," तो म्हणाला. "पाय नको. पाय तुमचा तुम्ही ठेवा, भट्टीखाली दगड म्हणून लावा."

मित्रांनो, माझ्या देखत! मला हात असते ना...

बोसन कोपऱ्यात जाळं घेऊन बसला होता. सुई हातात, पण टाका पडत नव्हता. "एकुआ," तो म्हणाला, "हंगामाच्या मधे इंजिन विकतेस?"

"हंगामाच्या मधे म्हणूनच विकते, पापा." आंटी एकुआ भट्टीला टेकून उभी होती. "सगळ्यांच्या भट्ट्या पेटल्यात. माझीत मांजर झोपलंय. याचं जे येईल त्यात भर घालून दुसरं आणीन. आणि त्या दुसऱ्यावर बोसन कोण, ते मी ठरवीन."

सगळ्यांना माहीत होतं, आंटीचा मेहुणा केव्हापासून त्या जागेवर डोळा ठेवून आहे. माझं डोकं टेम्पोत गेलं तर बोसन एसेल उद्यापासून आपल्याच होडीत दुसऱ्याच्या हाताखाली जाळं ओढणार.

"आज सूर्य बुडेपर्यंत थांब," बोसन म्हणाला. "फिटर येतोय."

"येतोय?" टांडो तोंडातल्या घासासकट हसला. "तो जोडणारा का तोडणारा?"

"कोण रे तो तोंड वाजवतोय?" गल्लीतून आवाज आला. योफीच होता. डोळे तांबारलेले, खांद्यावर पिशवी. "मास्टर टांडो, तुम्ही मासा खा. काटा अडकला तर सांगा, पाइप लावून काढतो."

आंटी एकुआ हसली नाही. "सूर्य बुडायच्या आत मला याची धार दाखव, फिटर. वाहती धार. नाहीतर मास्टर घेऊन जातील."

आणि टांडो बाकावर पाय पसरून बसलाच.

योफीनं पेट्रोलची टाकी आणि नळी सोडवून लांब भिंतीपलीकडे ठेवली. मग रॉकेलचा फुरफुरणारा दिवा पेटवला आणि ज्योत माझ्या पोटरीवर धरली, तुटक्या बोल्टच्या भोवती. बोल्टवर नाही, माझ्यावर. मी फुगतो लवकर, पोलाद उशिरा. मधे केसाएवढी फट पडते. मग त्यानं मेणबत्ती त्या खुंटाला टेकवली. मेण वितळलं आणि आत शोषलं गेलं, माझ्या त्या मिठाच्या भुकटीत. पुन्हा ज्योत, पुन्हा मेण, मग हातोडीनं हळू ठकठक.

मग थांबणं.

हेच, हेच मला सहन होत नाही! आणि योफीलाही होत नव्हतं. तो उठायचा, बसायचा, पक्कड उचलायचा, ठेवायचा. सूर्य चाललाय वर, टांडो दात कोरतोय, आणि आम्ही दोघं गरम डोक्याचे एका मेणबत्तीची वाट बघतोय. एकदा त्याचा हात पाइपकडे गेला. मी आतून ओरडलो. त्याला काय ऐकू जाणार! पण बोसननं जाळ्यावरून नजर न काढता म्हटलं, "तो पाइप मी समुद्रात टाकू का, योफी?"

योफीनं दात खाल्ले. पण पाइप सोडला.

शेवटी त्यानं खुंटाला पक्कड आवळली. केसभर उलटा. लगेच केसभर सुलटा. पुन्हा उलटा. कुरकुर झाली, पांढरा चिखल बाहेर आला, आणि बोल्ट फिरायला लागला. निघाला! योफीनं तो उन्हात धरला. मधोमध झिजून पार कंबर गेली होती त्याची, आणि वरून खाली पांढरी साय.

"बघ पापा," योफी उसळला. "बघ! हे माझ्या पाइपनं नाही मोडलं. हे मीठ आहे. रोज मिठानं आंघोळ घालतोस त्याला. तूच मारलंस याला!"

बोसनची सुई थांबली.

"मी?" तो म्हणाला. "मी तर रोज..." त्यानं बोल्ट हातात घेतला, नखानं ती साय खरवडली, जिभेवर ठेवली. खारट. त्याचा चेहरा मी बघितला आणि मला योफीचा एवढा राग आला की काय सांगू. खरं बोलला होता, पण असं बोलतात?

दुसरा बोल्ट अवघड होता. धरायला काहीच नव्हतं, त्याच्या मधोमध भोक पाडायचं होतं. भोक जरा कलतं गेलं तर माझं अंग कापलं जाणार आणि मग कुठलाच बोल्ट तिथं बसणार नाही. वीज गेली होती, नेहमीसारखी. म्हणून हाताचं गिरमिट. योफीनं टोच्यानं नेमका मध्य टोचला, गिरमिट टेकवलं, आणि ते कलतंच धरलं गेलं. राग उतरला नव्हता ना! त्यानं गिरमिट खाली ठेवलं. नळावर जाऊन डोकं भिजवून आला. मग बसला, आणि हळूहळू फिरवत राहिला. पोलादाचा बारीक कीस निघत होता, कुरळा कुरळा. शेवटी बोल्टची नुसती साल उरली, कागदाएवढी. ती त्यानं सुईसारख्या हत्यारानं टोकाला धरून आत वळवली आणि स्प्रिंगसारखी ओढून काढली. माझे आटे खाली तसेच होते. जुने, पण शाबूत!

मग बाकी भराभर झालं. पाय उतरला, झिजलेलं रबर निघालं, नवं बसलं. नव्या बोल्टना योफीनं घसघशीत ग्रीस लावलं. "आता मीठ शिरू दे बघू," म्हणाला.

"झालं?" टांडोनं विचारलं. "मग धार दाखवा. पाच पावलांवर समुद्र आहे. बुडवा याचा पाय आणि लावा सुरू."

अंगणातल्या सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं.

"आज मंगळवार आहे, मास्टर," आंटी एकुआ म्हणाली.

"अहो, मासे थोडेच पकडतोय! नुसता पाय बुडवायचाय."

योफी तयार झाला असता, मला माहीत आहे. त्याचे पाय वाळूकडे वळलेच होते. मीही झालो असतो. मला तर पाणी दिसलं की झालं. पण बोसन उठून मधे उभा राहिला. "मंगळवारी या किनाऱ्यावर इंजिनाचा आवाज समुद्रात जाणार नाही. माझ्या हातून तर नाहीच. विकायचं तर विका."

"मग पिंपात लावू," योफी चिडून म्हणाला. "मोठं पिंप दे, आंटी, आणि काठोकाठ गोडं पाणी, खारं आता पुन्हा आत नको. पाय बुडाला पाहिजे."

"पिंप घे," आंटी एकुआ म्हणाली. "पाणी नाही. घरात आहे ते पोरांना आणि रांधायला. इंजिनासाठी माझ्या सुना नळावर उभ्या राहणार नाहीत. त्यांच्या मानेचा तरी विचार करा."

पिंप आलं. रिकामं. सूर्य झाडामागे उतरायला लागला होता. टांडोनं टेम्पोतून दोर काढला.

मित्रांनो, तेव्हा बोसन एसेलनं जे केलं ते या गल्लीनं कधी बघितलं नव्हतं. त्यानं भिंतीकडची बादली उचलली आणि नळावर गेला. कडुनिंबाखालून मला सगळं दिसत होतं. बायकांच्या रांगेत, सगळ्यात शेवटी, तो उंच माणूस बादली घेऊन उभा राहिला. बोसन! त्याच्या हाताखाली अख्खी होडी चालते, आणि तो पाण्याच्या रांगेत!

"अगंबाई, पापा!" एक ओरडली. "बायकोनं घराबाहेर काढलं का?"

"नवी सून आलीय, तिला पुढं येऊ द्या गं!"

"पापा, कंबर हलवत चालायचं हं, नाहीतर सांडतं!"

हसून हसून एकीची घागर कलंडली. बोसन खाली बघत उभा होता. कान लाल, पण रांग सोडली नाही. बादली भरली, डोक्यावर घेतली, आणि पहिल्या चार पावलांत अर्धी त्याच्या खांद्यावरून अंगावर. पुन्हा हशा. पिंपात ओतलं तेव्हा तळ जेमतेम ओला झाला. तो परत वळला.

दुसऱ्या खेपेला हशा कमी होता. तिसऱ्या खेपेला रांगेतली एक म्हातारी पुढं झाली. "इकडे ये, वेड्या," म्हणाली. "असं नागव्या डोक्यावर पाणी वाहतात का? फडकं दे." त्यानं कमरेचं निळं फडकं सोडलं. तिनं त्याची घट्ट चुंबळ वळली, त्याच्या डोक्यावर बसवली, वर बादली ठेवली. "आता बादलीकडे बघू नकोस. समोर बघ."

तो समोर बघत आला. एक थेंब सांडला नाही.

आंटी एकुआ दारात उभी राहून बघत होती, धुरानं लाल झालेले डोळे बारीक करून. मग ती आत गेली आणि घरातली भरलेली घागर घेऊन आली. पिंपात ओतली. "पोरांना रात्री नारळपाणी देईन," ती पुटपुटली, आणि सुनांवर ओरडली, "बघताय काय? तुमच्या सासऱ्यासारखा आहे तो, एकटा वाहील का?" मग रांगेतली ती म्हातारी आली, मघाशी कंबर हलवायला सांगणारी आली. योफीसुद्धा तोंड वाकडं करून दोन बादल्या घेऊन गेला. पिंप भरलं.

पंखा काढून ठेवला, नाहीतर त्यानं सगळं पाणी उडवलं असतं. टाकी आणून जोडली. मला पिंपाच्या काठावर लाकडी फळीला आवळलं. माझा पाय गोड्या पाण्यात गेला. जन्मात पहिल्यांदा! कसं सांगू? काही टोचत नव्हतं. मला आत्तापर्यंत माहीतच नव्हतं की मला टोचत होतं.

बोसननं दोरी ओढली. एकदा, दोनदा. मी पेटलो. सुटलो! ओरडलो! कोंबड्या उडाल्या. सगळे मागच्या भोकाकडे बघत होते.

धार आली नाही.

मी ओरडतोय, धूर निघतोय, माझं डोकं तापायला लागलंय, आणि भोक कोरडं. बोसननं मला बंद केलं. टांडो दोर उलगडत उठला. "सूर्य गेला, आंटी," तो म्हणाला. खरंच, झाडामागे नुसती लाल कडा उरली होती.

योफीनं लाथेसाठी पाय उचलला. मी बघितलं. मग त्यानं तो खाली ठेवला, हळूच, आणि गुडघे टेकून माझ्या भोकाशी डोळा लावला. "बूच आहे," तो म्हणाला. "मिठाचं बूच! तार द्या, कुणीतरी तार द्या!" म्हातारीनं डोक्यातली पिन काढून दिली. योफीनं ती आत घातली, फिरवली. पांढरा खडा पडला.

"ओढ, पापा!"

बोसननं दोरी ओढली, आणि धार अशी सुटली की समोर दोर घेऊन उभ्या असलेल्या टांडोच्या इस्त्रीच्या शर्टावर! आधी दुधासारखी पांढरी, मग पिवळट, मग स्वच्छ. बायका टाळ्या पिटत होत्या, आणि गल्लीतली सगळी पोरं "मुतलं! मुतलं!" म्हणून नाचत होती. टांडो शर्ट झटकत टेम्पोकडे गेला. जाता जाता म्हणाला, "पुन्हा बिघडेल, तेव्हा येतो."

"या ना," योफी म्हणाला. "साबण घेऊन या."

बोसन हसत नव्हता. त्यानं माझ्या धारेखाली ओंजळ धरली, पाणी जिभेला लावलं. अजून खारट. माझ्या पोटातलं मीठ, इतक्या वर्षांचं. मग माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "मला कुणी सांगितलं नव्हतं रे."

बुधवारी उजाडता उजाडता आम्ही समुद्रात गेलो. भट्टीतल्या मांजराला त्या दुपारी दुसरी जागा शोधावी लागली.

आता रोज संध्याकाळी बोसन नळाच्या रांगेत उभा असतो. बायका अजून चिडवतात, पण त्याची जागा राखून ठेवतात. परवा त्याच्यामागे दुसऱ्या एका होडीचा बोसन बादली लपवत उभा होता.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात सायकल असेल, पंप असेल, शिवणयंत्र असेल, म्हातारं कुत्रं असेल. त्यांच्यावर तुमची माया असेलच. पण ज्याच्यावर माया करता त्याला काय हवंय ते विचारून घ्या, माहीत असलेल्या माणसाकडून विचारून घ्या. बोसनइतकं प्रेम माझ्यावर कुणी केलं नाही, आणि त्याच प्रेमानं मी मरायला टेकलो होतो. आणि काही अडलंच, हललंच नाही, तर लगेच लांब पाइप शोधू नका. जरा ऊब द्या, थोडं थांबा. हे मी सांगतोय, मी! मला अजूनही थांबता येत नाही, पण त्या दिवशी माझ्यासाठी थांबणारे थांबले म्हणून मी आहे.

बास. बाहेर भरती लागलीय आणि पापाच्या पावलांचा आवाज येतोय. मला जाऊ द्या.